खाऱ्या हवेत धातूचा लॅपटॉप : रंग कोणता घ्यावा?

सुरंगी | १२ मे, सकाळी ९:१०

नमस्कार. आमचे घर गुहागरजवळ समुद्रापासून जेमतेम अडीचशे पावलांवर आहे आणि गेली सहा वर्षे मी घरूनच हिशेबांचे व भाषांतराचे काम करते. लॅपटॉप दिवसाचे नऊ-दहा तास पडवीत नाहीतर माजघरात उघडाच असतो. सध्याचा लॅपटॉप गडद निळ्या रंगाच्या ॲल्युमिनियमचा आहे आणि दुकानात पाहिला तेव्हा त्याच्या रंगावरच मी भाळले होते, हे कबूल करते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मनगट टेकते तेथे पांढरे ठिपके दिसू लागले. ते पुसले जात नाहीत आणि नखाने चाचपले तर बारीक खड्डे लागतात. चार्जरच्या भोकाभोवतीचा रंग तर केव्हाच उडाला असून आतली चंदेरी कड उघडी पडली आहे. विक्रेत्याने "हा हाताच्या घामाचा परिणाम आहे, हमीत बसत नाही" असे सांगून विषय संपवला.

आता नवा घ्यायचा आहे. घरातले म्हणतात की सरळ प्लास्टिकचा घे. मला धातूचाच हवा आहे, कारण प्लास्टिकच्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या तुटलेल्या मी दोनदा पाहिल्या आहेत. मग किनाऱ्यावर टिकेल असा रंग कोणता? आणखी एक विचित्र गोष्ट आहे. चार्जिंग चालू असताना या लॅपटॉपच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात, पण फक्त उन्हाळ्यात. पावसाळ्यात काही जाणवत नाही. रंग उडाल्यामुळे असे होते का?

खिडकीवाला | १२ मे, दुपारी १:४५

सुरंगीताई, मी रत्नागिरीत ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवतो. लॅपटॉपमधले मला फारसे कळत नाही, पण खारी हवा आणि ॲल्युमिनियम यांचे भांडण मी रोज पाहतो. आमच्याकडे सेक्शन, म्हणजे खिडकीच्या चौकटीच्या पट्ट्या, दोन प्रकारे रंगवून येतात. एक पावडर कोटिंग, म्हणजे धातूवर भाजून बसवलेला रंगाचा थर, आणि दुसरे ॲनोडायझिंग, ज्यात धातूच्याच पृष्ठभागावर थर तयार करून त्यात रंग मुरवतात. पावडर कोटिंगला स्क्रूच्या भोकापाशी किंवा कापलेल्या टोकाशी एकदा वाट मिळाली की खारट ओल आत शिरते आणि रंगाखालून अळीने पान पोखरावे तशा नागमोडी रेघा सरकत जातात. ॲनोडाइज्ड सेक्शनला रंग सोलून निघण्याचा त्रास नाही, पण त्यावर चुन्याचा किंवा सिमेंटचा शिंतोडा पडून राहिला तर पांढरा डाग कायमचा बसतो. म्हणूनच गवंडी काम संपवीपर्यंत आम्ही सेक्शनवरची चिकटपट्टी काढू देत नाही.

माझ्या मते तुमचा लॅपटॉप ॲनोडाइज्ड असावा. अशा वेळी रंग कोणता हे विचारण्याआधी रंग कसा चढवला आहे ते विचारा. गिऱ्हाईक आमच्याकडेही ब्राँझ हवा की काळा हवा एवढेच पाहते.

काळाच_हवा | १२ मे, रात्री १०:३०

मी अलिबागचा, सध्या औद्योगिक आरेखनाचा विद्यार्थी आहे. काळ्या रंगाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. लॅपटॉपच्या आकाराचा पाया घालणारा ग्रिड कंपास १९८२ साली आला तो मॅग्नेशियमच्या काळ्या कवचात. आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड आणला, तेव्हा जर्मन आरेखनकार रिचर्ड सॅपर यांच्या आग्रहामुळे त्याला जपानी बेंटो म्हणजे जेवणाच्या डब्यासारखे काळे, चौकोनी, साधे रूप मिळाले, आणि मध्ये लाल ठिपका. कार्यालयातले संगणक त्या वेळी बहुतेक मळकट पांढरे असत. म्हणजे काळा ही तेव्हा बंडखोरी होती.

चंदेरी रंग पुढे ॲपलमुळे रूढ झाला. २००१ चे त्यांचे पॉवरबुक टायटेनियमचे होते, पण त्याच्या चौकटीवर रंग दिलेला होता आणि तो टवके उडण्यासाठी प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये ते ॲल्युमिनियमकडे वळले आणि २००८ पासून ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेले कवच आले. नंतर २०१५ मध्ये सोनेरी, २०१६ मध्ये गुलाबी सोनेरी, २०२२ मध्ये मध्यरात्रीचा निळा-काळा आणि २०२३ मध्ये पुन्हा काळा, असा रंगांचा फेरा फिरून आला.

शिवाय काळा पृष्ठभाग उष्णता अधिक बाहेर टाकतो, असे आम्ही शाळेत शिकलो आहोत. कोकणातल्या उकाड्यात तोच बरा नव्हे का?

चंचुपात्र | १३ मे, सकाळी ७:२०

दापोलीत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी उष्णतेचे. पृष्ठभाग किती उष्णता उत्सर्जित करतो हे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर ठरत नाही. लॅपटॉपचे कवच फार तर ४०-४५ अंशांपर्यंत तापते आणि त्या तापमानाला जी उष्णता बाहेर पडते ती अवरक्त किरणांच्या रूपात. उघडे घासलेले ॲल्युमिनियम या किरणांच्या बाबतीत फार कंजूष असते, परंतु त्यावर ॲनोडायझिंगचा थर आला की ते सढळ होते, मग तो थर बिनरंगी असो की काळा. त्यामुळे घरात सावलीत दोन्हींत सांगण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो उन्हात, कारण ऊन शोषून घेण्याच्या बाबतीत मात्र काळा रंग खरोखरच पुढे असतो. सुरंगीताईंच्या पडवीत दुपारी कलते ऊन येत असेल, तर काळा लॅपटॉप उलट अधिक तापेल. शाळेत शिकवलेले चूक नव्हते, काळाच_हवा यांनी त्यातले अर्धेच लक्षात ठेवले.

आता त्या खड्ड्यांविषयी. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडले की त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरांचा पापुद्रा क्षणात धरतो आणि त्याच्या आड धातू सुरक्षित राहतो. ॲनोडायझिंगमध्ये हाच पापुद्रा मुद्दाम वाढवतात. वस्तू सौम्य गंधकाम्लात बुडवून तिला विजेचे धन टोक जोडले की थर वाढत जाऊन ५ ते २५ मायक्रॉनांपर्यंत पोहोचतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. या थरात पोळ्याच्या घरांसारखी उभी, अतिसूक्ष्म छिद्रे असतात. रंगद्रव्य त्या छिद्रांत शिरते आणि मग वस्तू उकळत्याच्या जवळपास तापलेल्या पाण्यात ठेवली की ऑक्साइड पाणी धरून फुगतो व छिद्रांची तोंडे मिटतात. माणिक आणि नीलम हेही ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच आहेत. क्रोमियमचा अंश आला की माणिक, लोह व टायटेनियमचा आला की निळा नीलम. थर कठीण का असतो ते यावरून कळेल.

मात्र या थराच्या दोन दुबळ्या जागा आहेत. पहिली जागा म्हणजे कड. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे तीक्ष्ण कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना नीट भेटत नाहीत आणि तेथे फट राहते. चार्जरचे टोक रोज दोन वेळा ज्या कडेवर आपटते ती नेमकी हीच. दुसरी दुबळी जागा म्हणजे जेथे थराची तोंडे नीट मिटलेली नाहीत ती. मिठातले क्लोराइड तेथून धातूपर्यंत पोहोचले की एका बिंदूत झीज सुरू होते, आणि भोवतालचा सारा निरोगी पृष्ठभाग त्या बिंदूविरुद्ध विद्युतघटाच्या दुसऱ्या टोकासारखा वागतो. म्हणून ही झीज पसरण्याऐवजी खोल जाते. वर दिसणारा पांढरा भुगा हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होय. विक्रेता घामाविषयी बोलला ते अगदीच खोटे नाही, घामात मीठ असतेच. पण किनाऱ्यावरच्या हवेतही ते असते, आणि पावसाळ्यात पृष्ठभाग कधी पुरता वाळतच नाही, हे त्याने सांगितले नाही.

रंगाचा संबंध येतो तो असा. गडद रंग दिसण्यासाठी पुरेसे रंगद्रव्य मावावे लागते, म्हणजे थर जाड हवा. जाड थर हा तसा चांगलाच, पण तो कडेवर ठिसूळही असतो. बिनरंगी चंदेरी थरालाही तितकेच टवके उडू शकतात, फक्त खालचा धातूही चंदेरी असल्यामुळे ते दिसत नाहीत. चंदेरी रंग अधिक टिकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. तो गुन्हा लपवतो इतकेच.

स्वच्छतेबाबत एक सूचना करतो. हा थर साधारण ४ ते ९ सामू (पीएच) असलेल्या द्रवांना दाद देत नाही, पण त्यापलीकडे विरघळू लागतो. खिडकीवाले दादांचा चुना त्यात येतो, तसाच धुण्याचा सोडा आणि फरशीचे आम्लही येते. साध्या पाण्यात पिळलेले मऊ फडके आणि नंतर कोरडे फडके, एवढे पुरे.

जाता जाता : ज्या जांभ्यावर आपली घरे उभी आहेत त्याचाच भाऊबंद म्हणजे बॉक्साइट. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातले इतर सारे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, तो सापडतो. पावसानेच तयार केलेला हा धातू पावसाळ्यात आपल्याला छळतो आहे.

काळाच_हवा | १३ मे, सकाळी ११:०५

सर, अर्धे लक्षात ठेवल्याबद्दल क्षमस्व. मात्र चंदेरी रंग गुन्हा लपवतो हे आमच्या वर्गात सांगितले तर भांडणे होतील. कारखान्याच्या बाजूने आणखी एक कारण जोडतो. झाकण, कळफलकाची पट्टी आणि तळ हे तीन भाग वेगवेगळे तयार होतात, आणि रंग दिलेल्या तिन्हींची छटा तंतोतंत जुळवणे अवघड असते. आम्लाचे तापमान, वेळ किंवा मिश्रधातूतला थोडा फरकही नजरेला कळतो. ओतीव भागांत सिलिकॉन अधिक असल्यामुळे तर ॲनोडायझिंग मळकट करडे उतरते. त्यामुळे स्वस्त लॅपटॉपचे 'धातूचे' म्हणून सांगितलेले कवच पुष्कळदा एक तर फक्त झाकणापुरते धातूचे असते किंवा वर रंग मारलेले असते.

मॅग्नेशियमविषयी कोणाचे काय मत आहे? वजनाला ते ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश भरते. रोज लोकलने प्रवास करणाऱ्याच्या खांद्याला त्याची किंमत कळते.

हर्णैची_होडी | १३ मे, रात्री ९:५०

आमच्या बोटीच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बसवलेल्या असतात. खारे पाणी आधी जस्त खाते आणि पंखा वाचतो. घरच्या गीझरमध्ये टाकी वाचवण्यासाठी जी कांडी असते ती पुष्कळदा मॅग्नेशियमची असते, कारण ते जस्ताहूनही लवकर झिजते. जो धातू आपण झिजण्यासाठीच ठेवतो त्याचा लॅपटॉप करून हर्णैच्या बंदरात आणणे मला तरी पटत नाही.

चौथा_स्क्रू | १४ मे, दुपारी ३:३०

कुडाळमध्ये अकरा वर्षे लॅपटॉप दुरुस्ती करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांपैकी निम्मी तरी मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातली असतात, आणि सावंतवाडीकडची कवचे व किनाऱ्याकडची कवचे मी न विचारता वेगळी काढू शकतो.

होडीवाल्या काकांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण मॅग्नेशियमचे लॅपटॉप उघड्या धातूचे नसतात. त्यांवर रासायनिक प्रक्रिया करून जाड रंग चढवलेला असतो आणि तो शाबूत आहे तोवर काही होत नाही. अडचण स्क्रूपाशी येते. स्क्रू पोलादाचा, कवच मॅग्नेशियमचे, मध्ये खारट ओल, म्हणजे काकांच्या बोटीचेच गणित. एका ग्राहकाचे असे यंत्र उघडले तेव्हा कोपऱ्यातला स्क्रू भोवतालच्या धातूसह भुगा होऊन हातात आला. ॲल्युमिनियममध्येही हे होते, पण बरेच सावकाश, आणि तेथे त्रास वेगळा असतो : स्क्रू आतच धरून बसतो. म्हणून मी किनाऱ्यावरच्या ग्राहकांना सांगतो की दोन वर्षांतून एकदा, काही बिघडलेले नसले तरी, तळ उघडून साफ करून घ्या. त्यात माझा धंदा आहे हे मान्य करतो.

काळाच_हवा यांनी झाकणापुरत्या धातूचा उल्लेख केला तो मोलाचा आहे. सुरंगीताईंनी पाहिलेल्या तुटक्या बिजागऱ्या बहुधा त्याच जातीच्या असतील. झाकण धातूचे आणि जड, बिजागरी पोलादाची आणि घट्ट, पण तिचे स्क्रू जातात ते प्लास्टिकच्या तळात ठोकलेल्या पितळी नटांमध्ये. दोन-तीन वर्षांनी ते नट प्लास्टिकसकट उपटून येतात. दुकानात तळाला हात लावून पाहा. धातू हाताला गार लागतो, रंगवलेले प्लास्टिक लागत नाही. शिवाय पोर्टच्या भोकाची आतली कड मोबाइलच्या उजेडात पाहा. कोरलेल्या ॲल्युमिनियमची कड स्वच्छ आणि धारदार दिसते, साच्यातल्या प्लास्टिकला जोडाची बारीक रेघ असते.

दवाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. वातानुकूलित खोलीत लॅपटॉप २२ अंशांना थंड झालेला असतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २६ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. धातूचे कवच बाहेरच्या हवेने तापत नाही तोवर ते गारच राहते आणि त्यावर बाहेरून, तसेच आतूनही, पाणी जमते. म्हणून लॅपटॉप खोलीतच पिशवीत बंद करावा, बाहेर नेल्यावर अर्धा तास तसाच ठेवावा आणि मगच पिशवीतून काढावा. जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या 'पाणी सांडले नाही तरी बंद पडला' या तक्रारींतल्या काहींचे कारण हेच असते.

आता मुंग्यांचा प्रश्न. ताई, त्याचा रंगाशी संबंध थोडाच आहे. ॲनोडायझिंगचा थर वीजरोधक असतो, त्यामुळे उडालेल्या कडेपाशी त्या अधिक जाणवतात, इतकेच. मूळ कारण अर्थिंग. तुमचा चार्जर तीन पिनांचा आहे का? चार्जरमध्ये विद्युतगोंधळ गाळण्यासाठी धारित्र (कपॅसिटर) असतात आणि त्यांच्या वाटेने कवचावर मुख्य विजेचा अगदी क्षीण प्रवाह येतो. तिसरी पिन त्याला जमिनीत नेते. ती वाट बंद असेल तर तो तुमच्या बोटातून जातो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असतो, पण फक्त उन्हाळ्यात मुंग्या येतात या तुमच्या वाक्यावरूनच निदान होते. जांभ्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीभोवतीची जमीन एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. पाऊस पडला की ते आपोआप जिवंत होते. लॅपटॉपचे जाऊ द्या, घरात गीझर आणि पाण्याचा पंप आहे, त्यासाठी तरी वायरमनला बोलवा.

सुरंगी | १४ मे, रात्री ८:१५

सर्वांचे मनापासून आभार. चार्जर तीन पिनांचा आहे. आणखी दोन शंका आहेत. कवचावर चिकटवायची पातळ प्लास्टिकची साल मिळते, तिने मनगटाखालचा भाग वाचेल का? आणि हल्ली धातूवर चिनी मातीसारखा थर देतात असे वाचले, ते काय आहे?

चौथा_स्क्रू | १४ मे, रात्री ९:००

साल लावायचीच असेल तर नव्या, कोरड्या पृष्ठभागावर, ऑक्टोबरनंतर, आणि कडेपर्यंत न ओढता लावावी. एकदा खारट ओल खाली गेली की साल ती वाळू देत नाही. मी अशी साल काढल्यावर खालचे कवच उघड्या कवचापेक्षा वाईट निघालेले पाहिले आहे. दर पावसाळ्यानंतर ती बदलण्याची तयारी असेल तरच लावा.

चंचुपात्र | १५ मे, सकाळी ६:५०

तो थर ॲनोडायझिंगचाच थोरला भाऊ आहे. आम्लाऐवजी सौम्य अल्कली द्रावण आणि कितीतरी अधिक विद्युतदाब (व्होल्टेज) वापरला की पृष्ठभागावर सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि ऑक्साइड वितळून पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे थर अधिक दाट व कठीण बनतो. असुसने २०२४ मध्ये काही लॅपटॉपांना हे कवच दिले आणि त्याला सेरॅल्युमिनम असे नाव ठेवले. त्याचे रंग फिकट, मातकट आणि दगडी असतात. आपल्या खाऱ्या हवेत त्याने काढलेले चार-पाच पावसाळे अद्याप कोणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पाठ्यपुस्तकातून जे आशादायक वाटते तेवढेच सांगतो.

खिडकीवाला | १५ मे, दुपारी २:१०

जांभ्याची तांबडी धूळही विचारात घ्या. काळ्या खिडक्यांवर ती पहिल्या दिवशी दिसते आणि लोक कोरड्याच फडक्याने रगडून पुसतात. तीच धूळ पॉलिश कागदासारखी घासते. रोज दिसणारी घाण रोज घासली जाते, हे काळ्या रंगाचे खरे दुखणे आहे.

काळाच_हवा | १५ मे, दुपारी ४:४०

दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही मी काळाच घेणार आहे. मात्र कड गोलाकार असलेला घेईन, सरांच्या काटकोनाच्या नियमाला तेवढा मान.

सुरंगी | १९ जून, सायंकाळी ६:२५

उशिरा कळवते आहे. मे महिन्याच्या अखेरीस चिपळूणला जाऊन लॅपटॉप घेतला. पहिल्या दुकानात 'संपूर्ण मेटल बॉडी' म्हणून दाखवलेल्या यंत्राचा तळ हाताला गार लागला नाही. पोर्टच्या भोकात उजेड टाकल्यावर साच्याची रेघ मला दिसली आणि विक्रेत्यालाही दाखवली. तो म्हणाला की असे तपासणारे ग्राहक त्याने पाहिलेले नाही. दुसऱ्या दुकानात बिनरंगी चंदेरी ॲल्युमिनियमचा, तळापर्यंत धातूचा आणि कडा किंचित गोलावलेला मिळाला, तो घेतला. गडद हिरवा एक शेजारीच होता आणि त्याच्याकडे मी दोनदा वळून पाहिले, हेही नोंदवते.

वायरमन त्याआधीच, मे महिन्यात, येऊन गेला होता. माडाच्या आळ्यापाशी असलेला अर्थिंगचा खड्डा त्याने उकरला तेव्हा आतला कोळसा भुसभुशीत कोरडा निघाला आणि पट्टीला जोडलेली तार अर्धी तुटलेली होती. त्याने तार बदलली, मीठ-कोळसा नव्याने भरला आणि चार घागरी पाणी ओतायला लावले. जुना निळा लॅपटॉप त्याच सॉकेटला लावून उडालेल्या कडेवर बोट फिरवून पाहिले. काही जाणवले नाही, आणि तेव्हा अजून पाऊस सुरू झालेला नव्हता.